बिनकाठाचं लुगडं

धंतोलीतल्या दवाखान्यात माझ्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली, हेमराजने मला काळा चष्मा घालून बेसाच्या फ्लॅटवर आणलं, आणि हॉलमध्ये शिरून चष्मा वर केल्याबरोबर मी जागच्या जागी उभा राहिलो. भिंती निळ्या होत्या. फिक्या, गारेगार निळ्या. दोनच महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर हा रंग मी स्वतः निवडला होता, पांढराशुभ्र म्हणून. पेंटरने दाखवलेला खरा पांढरा मी 'पिवळट आहे' म्हणून नापास केला होता. तेव्हा हेमराज चाचरत म्हणाला होता, "बाबा, हा थोडा निळा नाही वाटून राहिला?" आणि मी माझ्या या एकुलत्या एक मुलाला सुनावलं होतं की उभा जन्म रंगात काढलेल्या माणसाला रंग शिकवू नये.

"मंग जोरानं काहून नाही सांगितलं रे?" मी विचारलं.

"तुमाले कोन सांगन, बाबा?" तो म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारात माझी सून धनश्री तोंडाला ओढणी लावून हसत होती. तिला सातवा महिना होता आणि हसताना तिला पोट धरावं लागायचं.

रंगात जन्म काढला ही बढाई नव्हे. कळमेश्वरच्या एमआयडीसीत सूत रंगवायचा एक कारखाना होता, तिथे मी शेड जुळवायचो. गिऱ्हाईक कापडाची चिंधी पाठवायचं, तोच रंग आमच्या सुतावर उतरला का ते मी बघायचो. त्यासाठी एक लोखंडी पेटी असते. आत निरनिराळे दिवे: एक दिवसाच्या उजेडाचा, एक दुकानातल्या ट्यूबचा, एक पिवळा, आणि एक जांभळा, ज्याच्याखाली डोळ्यांना एरवी न दिसणारी चमक उघडी पडते. एका दिव्याखाली सख्खे भाऊ वाटणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत. मी निवृत्त झालो त्याच सुमाराला ती पेटीही मोडीत निघाली, तेव्हा मी ती मागून घरी आणली. धनश्री तिच्यावर कांदे-बटाटे ठेवते.

अशा माणसाला मोतीबिंदू व्हावा आणि त्याला तो कळू नये, याचं मला हसू आलं आणि लाजही वाटली. पण तो कळत नाहीच. दुधात रोज चहाचा एकेक थेंब पडत राहावा तसं जग पिवळं होत जातं आणि आपण ते पिवळंच पांढरं म्हणून चालवत राहतो. डॉक्टर पायल मेश्राम माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. डोळ्यातलं जन्माचं भिंग गढूळ झालं की ते काढून घ्यायचं आणि त्या जागी घडवलेलं भिंग बसवायचं. हे नवं भिंग घडी करून इवल्याशा छेदातून आत सोडतात, आत गेलं की ते आपोआप उलगडतं. मी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तुम्हीच करा ऑपरेशन, मी झोपते टेबलावर." त्यांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. पट्टी निघाली त्या दिवशी मी कढीपत्त्याचं एक पान अर्धा तास बघत बसलो होतो.

डावा डोळा नंतर करायचा ठरला. तो अजून चहाच्याच रंगाचा होता. एकेक डोळा आळीपाळीने मिटून मी जुनं जग आणि नवं जग शेजारी शेजारी ठेवून बघायचो. सवयच जडली तशी.

बाळासाठी जुनं, मऊ सुती कापड लागतं. नवं कापड तान्ह्या अंगाला लावायचं नाही, घरातल्या कुणा जुन्या बाईच्या लुगड्याची दुपटी आणि टोपरी करायची, ही आमच्याकडची रीत. माझी बायको आठ वर्षांपूर्वी गेली, तिच्या साड्या सगळ्या नायलॉनच्या, आणि त्याही वाटून झाल्या होत्या. धनश्रीने विचारलं, "बाबा, आजीचं काही नाही का ठेवलेलं?" तेव्हा मला पलंगाखालची पत्र्याची पेटी आठवली. तिच्यात माझ्या मायचं, जनाबाईचं, शेवटचं लुगडं होतं. बिनकाठाचं.

माझे आई-वडील दोघंही विणकर. तांडापेठेत आमचं घर होतं, घरात खड्ड्याचा माग. विणणारा जमिनीलगत बसतो, पाय खड्ड्यात, त्यामुळे त्याचं तोंड उभ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर येतं. लहानपणी माय मला अशीच दिसायची, माझ्या तोंडाच्या समोर तिचं तोंड. करवती काठ विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. करवतीच्या दातांसारखे बारीक त्रिकोण, लुगड्याच्या दोन्ही कडांनी एका सुरात चढत-उतरत जाणारे. पुढे तिचे डोळे गेले. तेव्हा भिंग बसवायची सोय आमच्यासारख्यांना कुठली? एका शाळेत शिबिर भरलं होतं, तिथे तिचं गढूळ भिंग काढलं आणि तशीच घरी पाठवली. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून ती पुन्हा मागावर बसली.

तेव्हाचं हे लुगडं. तिने उभा ताणा पांढरा घेतला, आडवा बाणा पांढरा घेतला, आणि काठासाठीही पांढरंच सूत मागितलं. वडिलांना वाटलं, काठाचं सूत नंतर बदलेल. तिने बदललं नाही. दिवसचे दिवस ती मन लावून काठ 'विणत' राहिली आणि मागावर कोरं पांढरं कापड सरकत राहिलं. वडिलांनी एकदा न राहवून विचारलं, "अवं, काठ कुठी आहे?" ती म्हणाली, "हा काय. तुमाले नाही दिसत?" शेजारीपाजारी गालात हसायचे. माय डोळ्यांबरोबर डोक्यानेही गेली असं बोलणं सुरू झालं.

एक दिवस वडिलांनी कात्री घेतली आणि लुगडं अर्ध्यातच मागावरून कापून काढलं. तेही मुळापासून. इथेच त्यांचं चुकलं, आणि ही चूक विणकराच्या घरातच चूक म्हणून कळते. आमच्यात माग कधी उघडा करत नाहीत. कापड काढलं तरी ताण्याची टोकं मागावर ठेवायची, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला सांधायचा. सांधायला दोन माणसं लागतात. एक धागा निवडून हातात देतो, दुसरा बोटांना राख लावून दोन टोकं एकत्र पिळतो. राखेने पकड येते. अशा रीतीने एका मागावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ताणा चालत असतो, पिढ्या बदलल्या तरी. वडिलांनी सगळी टोकं कापून टाकली आणि पुढच्या महिन्यात माग लाकडाच्या भावाने विकला. माय रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सांधाले काई ठेवलं नाही तुमी. आता पोरगी कशाले धरन?" घरात पोरगी कुणीच नव्हती. आम्ही दोघे भाऊ. वर्षभरात माय गेली.

पेटीतून ते लुगडं मी काढलं, घडी उलगडली आणि पलंगावर पसरलं.

त्याला काठ होता.

दोन्ही कडांनी करवतीचे दात चढत-उतरत गेलेले, एकही चुकलेला नाही, मायच्या हातचे. रंगांची शेकडो नावं मला तोंडपाठ आहेत. या रंगाला मला नाव सापडलं नाही. जांभळ्याच्या पुढे कुठेतरी, पण जांभळा नव्हे, आणि गडद तर मुळीच नव्हे. मी डावा डोळा मिटला, तरी काठ होता. उजवा मिटला, तर कोरं पांढरं कापड. मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. लुगडं जिथे कापलं होतं तिथला शेवटचा दात अर्धाच होता, कात्रीने अर्ध्यात तोडलेला.

धनश्रीला बोलावलं. तिला दिसलं नाही. हेमराजने मोबाइलवर फोटो काढला, फोटोत पांढरं कापड आलं. मग मी कांदे-बटाटे खाली उतरवले, पेटी पुसली आणि एकेक दिवा लावून लुगड्याची कड आत धरली. दिवसाच्या दिव्याखाली माझ्या उजव्या डोळ्याला काठ दिसत होता. जांभळ्या दिव्याखाली असलं काही असेल तर सगळ्यांनाच दिसायला हवं. हेमराजने वाकून पाहिलं आणि हलकेच मान हलवली. जांभळ्या दिव्याखाली त्याला त्या कापडात काहीच दिसलं नाही. पण माझ्या उजव्या डोळ्याला तिथेही ते दात तसेच, त्याच रंगात दिसत होते. एवढ्या वर्षांत दिवा बदलला आणि रंग बदलला नाही, असं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दलही मी त्यांचा ऋणी आहे.

"ज्यांचं भिंग काढलंय आणि नवीन बसवलेलं नाही, त्यांना जांभळ्याच्या पलीकडचा थोडा उजेड दिसू शकतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईला काही वेगळं दिसत असेल, तर ते मी समजू शकते. पण काका, तुम्हाला बसवलेलं भिंग नेमका तोच उजेड अडवतं. ते बनवलंच तसं असतं. तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त दिसायचं काही कारणच नाही."

"आणि दिसत असलं तं?"

त्यांनी पुन्हा एकदा माझ्या डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. "भिंग अगदी छान बसलंय," त्या म्हणाल्या.

घरी येताना गाडीत हेमराज रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "बाबा, डोक्याचं बी दाखवून घेऊ का एकदा?" मायबद्दल जे बोललं जायचं तेच आता माझ्याबद्दल सुरू होणार, हे मला कळलं. त्यानंतर मी काठाचा विषय काढला नाही. फक्त लुगड्याला कात्री लावू दिली नाही. धनश्रीने त्यावर तोड काढली. दुपटी तिने तिच्या आईकडच्या, उमरेडच्या धोतराची केली आणि हे लुगडं बाळाच्या झोळीसाठी अख्खंच ठेवलं.

एप्रिलच्या उन्हात पोरगी झाली. तिसऱ्या दिवशी धनश्री तिला खिडकीशी घेऊन बसली होती. तिने मला हाक मारली, आणि तो आवाज ऐकूनच मी हातातलं टाकून धावलो.

"बाबा, हिच्या डोळ्यात पांढरं काहून दिसून राह्यलं?"

दोन्ही बुबुळांच्या मधोमध, जिथे काळं असायला हवं तिथे, दुधाचा ठिपका होता. जन्माचाच मोतीबिंदू. पोरगी आंधळी जन्मली होती.

दीड महिन्याची झाल्यावर तिची दोन्ही डोळ्यांची भिंगं डॉक्टर मेश्रामांनीच काढली. नवी बसवली नाहीत. इतक्या लहान डोळ्यात बसवत नाहीत, डोळा वाढतो आणि भिंग वाढत नाही. दोन-अडीच वर्षांची झाली की बसवू, म्हणाल्या. तोवर जाड चष्मा, मागे इलॅस्टिकने बांधलेला. तो चष्मा नातीच्या तोंडावर पहिल्यांदा चढवला तेव्हा मला उठून गॅलरीत जावं लागलं. मायचंच तोंड, एवढंसं झालेलं.

डॉक्टरांनी धूर आणि धूळ टाळायला सांगितलं होतं. धनश्रीने ते असं मनावर घेतलं की त्या दिवसापासून आमच्या घरात उदबत्ती बंद, धूप बंद, देवापुढे विजेचा दिवा. बारशाला नाव काजल ठेवलं. डोळ्याला काजळ लावायला मनाई आहे, निदान नावात असू दे, असं धनश्री म्हणाली आणि सगळे हसले. तीही हसली. तेवढंच.

कारण काजल बघत नव्हती. डोळ्याचं दार उघडलंय, डॉक्टर म्हणाल्या, पण बघायला मेंदूनं शिकावं लागतं, आणि शिकायचे पहिले आठवडे अंधारात गेलेत. थोड्या महिन्यांत नजर कशावर तरी ठरायला हवी. नाही ठरली तर पुढे कठीण आहे. दर भेटीला त्या तिच्यासमोर लाल चेंडू हलवायच्या, चमकता कागद धरायच्या. काजलचे डोळे चष्म्यामागे पाण्यातल्या माशांसारखे इकडून तिकडे फिरत राहायचे. ऑगस्ट गेला. डॉक्टर आता चेंडू हलवून झाला की कागदावर काहीतरी लिहीत बसायच्या.

"ते आवाजाकडं वळते, बाबा," धनश्री एकदा मला म्हणाली. हेमराज कामाला गेला होता, ती भिंतीला टेकून खाली बसली होती. "मी बोलली का वळते. गप्प बसून समोर गेली का मी तिच्यासाठी नसतेच. मी तिची माय आहो अन् तिनं अजून मले पाह्यलं नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सप्टेंबरातली एक दुपार. झोळी धुवायला म्हणून लुगडं सोडलं होतं आणि ते गॅलरीतल्या दोरीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळत पडलं होतं. काजलला मांडीवर घेऊन मी खुर्चीत बसलो होतो. ऊन कापडातून गाळून येत होतं आणि माझ्या उजव्या डोळ्यासमोर काठ अगदी तेजात होता. सवयीने मी दात न्याहाळत होतो, वर, खाली, वर, खाली. मग सहज काजलकडे पाहिलं.

तिचे डोळे फिरत नव्हते. ते चालत होते. वर, खाली, वर, खाली, हळूहळू डावीकडून उजवीकडे. एक दात चढायचे, एक उतरायचे.

दोरीवरचं लुगडं धरून एका बाजूला थोडं ओढलं. तिचे डोळे त्याच्यामागे गेले. परत ओढलं. परत आले.

"धनश्री!" मी ओरडलो. ती पिठाच्या हातांनी धावत आली. मी लुगडं ओढून दाखवलं, सोडून दाखवलं. ती काजलच्या तोंडाशी वाकून बसली आणि बघत राहिली.

"पन हे तं पांढरं आहे, बाबा," ती म्हणाली. "पांढऱ्यावर पांढरं. कायले पाहून राह्यली ते?"

"मले काय विचारतं वं," मी म्हणालो. "पाहून राह्यली ना? बस."

दवाखान्यात आम्ही ते लुगडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी दुसरं पांढरं कापड धरलं. काजलचे डोळे भटकले. मग लुगड्याची कड धरली. डोळे ठरले आणि चालू लागले. डॉक्टरांनी दोनदा करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता लाल चेंडू त्या काठावर ठेवला. काठावरून चालत आलेली नजर चेंडूपाशी अडली. तिथेच थांबली. त्यानंतर चेंडू हवेत उचलला तर ती त्याच्यामागे गेली. तिथून पुढे सगळं भराभर झालं. चेंडू, मग चमचा, मग हेमराजची मिशी. एका सकाळी तिने धनश्रीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि न बोलता, न आवाज करता उभ्या असलेल्या आपल्या आईला ओळखून ती हसली. धनश्री त्या दिवशी दुपारपर्यंत जेवली नाही, नुसती तिच्यासमोर बसून होती.

मी मायचा फोटो पुसून हॉलमध्ये लावला. चाळीस वर्षांपूर्वी सगळं गाव हसत असताना जाड चष्म्याआडून तिने हा काठ विणला होता, आणि माझी नात त्या काठाचं बोट धरून उजेडात आली. माय, तुझे उपकार, असं मी मोठ्याने म्हणालो. ते मनापासून होतं, आजही आहे. पुढचं सांगतोय ते तक्रार म्हणून नव्हे.

झोळीत पडल्या पडल्या काजल काठ बघायची. एका अंगाला काठ संपला की तिची नजर मागे फिरायची. पण कात्री लागलेल्या अंगाला ती फिरत नसे. कापड संपायचं आणि डोळे तसेच पुढे जायचे, वर, खाली, वर, खाली, मोकळ्या हवेतून निळ्या भिंतीपर्यंत. तिथे जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ते थांबायचे आणि ती हसायची. मी डावा डोळा मिटून पाहिलं. भिंत होती. पुन्हा पाहिलं, भिंतच होती.

मी झोळीची दिशा बदलली. ती मान वळवून त्याच जागेकडे बघू लागली. मग मी झोळी पूर्ववत केली. तिच्या आनंदात मी कशाला आडवा येऊ?

ती दोन वर्षांची झाली आहे. घरभर पळते. पुढच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांत भिंगं बसतील, चष्मा पातळ होईल, धनश्री दिवस मोजते आहे. माझा डावा डोळा मी अजून केलेला नाही. डॉक्टर रागावतात. मी आज-उद्या करत राहतो. एक डोळा असा असावा की ज्याने लुगडं पांढरं दिसतं, असं मला वाटतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. हेमराज आत झोपला होता, धनश्री भांडी घासत होती. झोळी आता लागत नाही म्हणून लुगडं काढून मी हॉलमध्ये घडी करत होतो. काजल येऊन त्याच्या कापल्या टोकाशी मांडी घालून बसली, भिंतीकडे तोंड करून. तिथे ताण्याचे धागे थोडे सुटून दशा झाल्या आहेत. तिने एक धागा चिमटीत धरला.

खेळू दे म्हणून मी थांबलो.

तिने उजवा हात बाजूला, भिंतीशी नेला. बोटांची टोकं एकमेकांवर घासली. हात परत आणला आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये तो धागा पिळला. एकदाच, आतल्या बाजूला, झटक्याने.

माग तिने कधी पाहिलेला नाही. आमच्या घरात तो कुणी चालवून दाखवलेला नाही. हेमराजला तर दशा म्हणजे काय तेही ठाऊक नसेल.

तिने दुसरा धागा धरला. डावा हात पुढे केला, तळवा वर, आणि वाट पाहिली.

मग तिची बोटं मिटली.

पुन्हा पीळ. पुन्हा हात पुढे. पुन्हा थोडं थांबणं, आणि बोटं मिटणं. मधेच तिने गुडघाभर उंचीकडे पाहिलं, बरोबर आहे का असं विचारल्यासारखं, आणि मान डोलावून पुढचा धागा धरला.

मी डावा डोळा मिटला.

शेवटचा अर्धा दात पुरा झाला होता. त्याच्या पुढचा चढायला लागला होता.

मी हात जोडले. मला भीती वाटत होती आणि तरी हात जोडले गेले, ते त्या भिंतीकडेच. माय पोरगी म्हणाली होती ती ही. तिच्यासाठी वडिलांनी काही ठेवलं नव्हतं, ते मायने ठेवलं.

धनश्री हात पुसत बाहेर आली. "काय करून राह्यली वं?" म्हणत तिने लेकीला उचललं आणि तिची बोटं पाहून थबकली.

"बाबा, हे राख कुठून लागली हिले?"

अंगठा आणि दोन बोटं करडी झाली होती. मी वास घेतला. शेणीची राख, चुलीतली. आमच्याकडे गॅस आहे.

"मले नाही माहीत," मी म्हणालो.

धनश्रीने ओलं फडकं आणून बोटं एकेक करून पुसली, नखांपर्यंत स्वच्छ केली, आणि तिला खाली सोडलं. काजल परत आपल्या जागी जाऊन बसली. तिने तो पुसलेला हात आमच्या दोघांच्या देखत भिंतीकडे केला, जरा थांबली, आणि मागे घेतला तेव्हा बोटं पुन्हा राखेने माखलेली होती.